थंड असताना बघायला या

मी एक पिकअप गाडी बोलतेय. माझं वय विचारू नका, मीटर बघा. तीन लाख किलोमीटरचा आकडा कधीच मागे पडलाय आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. माणसं साठीला आली की सत्कार करून घेतात. आम्ही तीन लाख केले की लोक तोंड वाकडं करून विचारतात, "चालते का अजून?"

चालते. पण ते पुढे येईलच, आधी जन्मापासून सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे कुणाच्या जन्माचं कौतुक नसतं. माझ्यापुढे एक माझ्यासारखीच, मागे एक माझ्यासारखीच, आणि जो तो आपापला बोल्ट आवळण्यात गुंग. शेवटी एका माणसाने माझ्या दारावर थाप मारून "चल, नीघ" म्हटलं. तेवढाच काय तो आशीर्वाद.

पहिला मालक फर्निचरवाला. त्याने माझ्यावर कपाटं लादली, पलंग लादले, एकदा तर कुणाच्या तरी घरातला अख्खा लाकडी जिना लादला. तो मागे इतका बाहेर आला होता की माझी पुढची चाकं जमिनीला टेकलीत की नाही, हे मलाच कळेना. माणूस वाईट नव्हता, पण 'पुरे' हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. त्याचा धंदा वाढला, त्याला मोठी गाडी हवीशी झाली आणि मी बर्फवाल्या काकांच्या दारात आले.

काकांचा घराला लागूनच बर्फाचा छोटा कारखाना होता. सकाळी लाद्या निघायच्या, गोणपाटात गुंडाळून माझ्या हौद्यात चढायच्या आणि आम्ही दोघं सुटायचो. मासळीबाजार, सरबतवाले, आइस्क्रीमवाले. बर्फाचा धंदा म्हणजे घाईचा धंदा. वाटेत गाडी बंद पडली तर माल चोरीला जात नाही, खराबही होत नाही. तो सरळ गटारात वाहून जातो. त्यामुळे काकांनी माझं ऑइल कधी उशिरा बदललं नाही, रेडिएटरचं पाणी बघितल्याशिवाय किल्ली फिरवली नाही. काकू म्हणायच्या, "माझ्या डोक्याला तेल आहे का हे कधी विचारलंत का हो?" काका ऐकू न आल्यासारखं करायचे.

मी कधी बंद पडले नाही. गर्वाने सांगत नाही, पण आहे ते आहे.

मग हळूहळू दुकानदारांनी आपापली बर्फाची यंत्रं घेतली. आमच्या फेऱ्या कमी होत गेल्या आणि एक दिवस काकांनी कारखान्याला कुलूप लावलं. मी शेडखाली उभी राहिले. काकू माझ्या बॉनेटवर उशा वाळत घालू लागल्या. एक मांजर हौद्यात बाळंत झाली आणि पिल्लांना घेऊन महिनाभर तिथेच राहिली. काका मात्र दर रविवारी येऊन मला चालू करायचे, थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे आणि बंद करून घरात जायचे. मला वाईट वाटायचं. माझ्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त.

शेवटी काकूंनीच विषय काढला. "अशी उभी राहिली तर गंजून जाईल. भंगारात घालण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

भंगार हा शब्द ऐकून माझे नटबोल्ट ढिले झाले.

पहिल्यांदा आला तो एक दलाल. त्याने मला एक फेरी मारली, मीटर बघितला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आकडा जरा जास्त आहे. एक माणूस आहे आपला, मीटर मागे फिरवून देतो. दीड लाखावर आणू. कुणाला पत्ता लागणार नाही."

काका म्हणाले, "आणि उरलेलं दीड लाखाचं काम काय शेजाऱ्याच्या गाडीने केलं?"

दलाल गेला तो परत आला नाही. मला वाटलं, हॉर्न वाजवून काकांना सलाम करावा.

मग एकेक गिऱ्हाईक येऊ लागलं. जुनी गाडी बघायला येणाऱ्या माणसांवर मी आता पुस्तक लिहू शकते. एक जण आला आणि टायरला लाथ मारली. का मारली, ते त्यालाही माहीत नसावं, पण मारल्यावर त्याचा चेहरा असा झाला की जणू निदान झालं. एकाने फक्त दार उघडलं, धाडकन लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. त्याला बहुधा दार विकत घ्यायचं होतं. एकाने बॉनेट उघडायला लावलं, आत बराच वेळ टक लावून बघितलं, "हं" म्हटलं आणि मोबाइलवर बोलत निघून गेला. एकाने तर रेडिओ लागत नाही म्हणून मला नापास केलं! मी कुणाला गाणी ऐकवायला जन्माला आले होते का?

मला घ्यायचं असेल तर मला नीट बघा ना. कुठे टोचतंय, कुठे दुखतंय ते विचारा. पण नाही. आला की लाथ, नाहीतर आकडा बघून राम राम.

काका खचत चालले. आणि मग एके दिवशी एका मधवाल्या ताईंचा फोन आला, की आम्ही सासरे आणि सून सकाळी गाडी बघायला येतोय.

झालं. काकांच्या अंगात आलं. आदल्या दिवशी त्यांनी मला धुवायला काढलं. बाहेरून धुतली तर ठीक, पण ते इंजिनात शिरले. पाण्याचा फवारा, ब्रश, साबण. इंजिन असं लखलखीत केलं की त्यात तोंड बघून दाढी करावी. हौद्याला जाड काळा रंग फासला. चेसिसला चंदेरी रंग दिला. सीटला नवी कव्हरं घातली. आणि त्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मला चालू करून चांगली गरम करून ठेवली. का? तर थंडीत उठताना मी जरा खोकते, पांढरा धूर सोडते. पाहुण्यांसमोर मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून.

एवढी माया! मला आतून भरून आलं. पण मनात आलं, काका, हे हात दाखवून अवलक्षण होणार.

आणि तसंच झालं.

मधवाल्या ताई चाळिशीच्या असतील. उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. नवरा बोटीवर नोकरीला. घर आणि मधमाश्यांच्या पेट्या त्या सांभाळत. बरोबर त्यांचे सासरे, जन्मभर शिंपीकाम केलेले. सासऱ्यांनी आत बसून पहिल्यांदा सीटची शिवण तपासली. दोन्ही हातांनी ताणून बघितली.

"दुहेरी टीप आहे," ते म्हणाले. "दोरा पक्का आहे. सूनबाई, गाडी घ्यायला हरकत नाही."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"काका, गाडी आत्ता कुठे नेली होती का?"

"छे, छे. कुठेच नाही."

"मग गरम कशी?"

काका अडखळले. "ते... सहज चालू केली होती. तुम्ही येणार म्हणून."

ताईंनी बॉनेट उघडलं. ते चकचकीत इंजिन बघून त्यांचा चेहरा उतरला. "हे धुतलं कशाला? कुठून गळत होतं?"

"गळत नव्हतं हो! धूळ होती."

"नुसती धूळ?"

त्या खाली वाकल्या, चेसिसचा चंदेरी रंग बघितला. हौद्याच्या काळ्या रंगावरून बोट फिरवलं. बोटाला रंग लागला. मग सरळ उभ्या राहिल्या आणि हात पुसत म्हणाल्या, "काका, राग मानू नका. पण जिथे जिथे बघायला हवं, तिथे तिथे तुम्ही काहीतरी झाकलंय."

काकांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ज्या माणसाने दीड लाखाचा खोटा आकडा नाकारला, तो आज लबाड ठरत होता. मी ओरडत होते, अहो ताई, लबाडी नाही ती, लाड आहेत! पण आमचं ऐकतं कोण.

काकूंनी मध्ये तोंड घातलं. "ताई, तुम्हाला आवडली नाही तर नका घेऊ. पण यांनी खोटेपणा केला नाही. यांना अक्कल कमी आहे, खोट नाही."

तेव्हा ताई पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदाच नीट बोलल्या.

मधमाश्यांच्या पेट्या फुलोरा बघून हलवाव्या लागतात. संध्याकाळी माश्या घरी आल्या की दारं बंद करायची, पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत दुसऱ्या शेतात पोचून दारं उघडायची. गेल्या वर्षी ताईंनी एक भाड्याची गाडी केली. नवीकोरी दिसणारी. ती चढावर तापली आणि बंद पडली. पुन्हा चालूच होईना. ऊन वर आलं. बंद पेट्यांत माश्या घुसमटायला लागल्या, मेण मऊ होऊन पोळी खाली आली. रस्त्याला वर्दळ, त्यामुळे पेट्या उघडायचीही चोरी. निम्म्याहून जास्त पेट्या गेल्या.

"यंदा उरलेल्या गेल्या तर माझं काम संपलं," ताई म्हणाल्या. "म्हणून मला चकचकीत गाडी नकोय. मला न थांबणारी हवीय. आणि थांबली तर पुन्हा उठणारी."

दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मग त्या उठल्या. बरोबर आणलेला एक पुठ्ठा उलगडून त्यांनी माझ्या पोटाखाली अंथरला. "उद्या सकाळी पुन्हा येते. तोपर्यंत गाडीला हात लावू नका. चालू करू नका, धुऊ नका, पुसू नका. ती थंड असतानाच मला बघायचीय."

त्या संध्याकाळी काका तीनदा शेडकडे आले. एकदा त्यांच्या हातात फडकं होतं. काकू दारातच पीठ चाळत बसल्या होत्या.

"अहो, फडकं खाली ठेवा."

"काचेवर एक डाग आहे फक्त."

"राहू दे डाग. माझ्या चेहऱ्यावर किती आहेत, ते कधी पुसायला धावला होता का?"

काका निमूट परत गेले. काकूंनी माझी किल्ली पदराला बांधली आणि झोपायला गेल्या.

सकाळी ताई आल्या तेव्हा मी गारठलेली होते. त्यांनी आधी पुठ्ठा ओढून काढला. त्यावर एकच काळा डाग होता. त्यांनी बोटाने चोळला, वास घेतला. "इंजिन ऑइल. जुनं सील असेल. ठिबकतंय, वाहत नाही." मग ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइल दुधाळ नाही ना, म्हणजे त्यात पाणी उतरलं नाही ना, ते पाहिलं. रेडिएटरचं झाकण उघडून आत डोकावल्या. पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता.

"मारा सेल्फ," त्या काकांना म्हणाल्या.

काकूंनी पदराची गाठ सोडून किल्ली दिली. काकांनी ती फिरवली आणि मी खोकले. चांगली खोकले. पांढऱ्या धुराचा लोट मागच्या भिंतीवर गेला. काकांनी डोळे मिटून घेतले. सासऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. आणि मग माझा घसा मोकळा झाला, धूर विरळ होत गेला, दिसेनासा झाला.

आता ताईंनी जे केलं ते आजवर कुणी केलं नव्हतं. त्यांनी माझ्या बाजूच्या पत्र्यावर बोटाने टकटक केलं आणि कान लावला. डोळे मिटले. काकू म्हणाल्या, "डॉक्टरच आहेत!"

"पेटीला असाच कान लावतो आम्ही," सासरे कुजबुजले. "आत राणी असली की माश्यांचा आवाज एकसारखा येतो. राणी नसली की रडवा येतो. न उघडता कळतं हिला."

माझ्यात राणीबिणी काही नाही, पण मी एकसारखा आवाज काढायचा मनापासून प्रयत्न केला. खरं सांगायचं तर प्रयत्न करावा लागला नाही. काकांनी इतकी वर्षं ऑइल बदललं होतं, ते बोलत होतं.

ताईंनी ऑइलचं झाकण सैल करून बघितलं. इंजिन म्हातारं झालं की तिथून धुराचे फूत्कार येतात. गॅरेजवाले त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. माझ्यात थोडी वाफ आली, फूत्कार नाही. मग त्या खाली झोपल्या आणि पेट्या उघडायच्या लोखंडी पट्टीने चेसिस ठोकत गेल्या. टण. टण. टण. चंदेरी रंगाखाली लोखंड शाबूत होतं. मग हौद्याच्या कोपऱ्यात ठोकलं. थप.

ताईंनी पुन्हा ठोकलं. पुन्हा थप.

"बर्फाचं पाणी," काका हळूच म्हणाले. "तिथे साचायचं. कोपरा खाल्लाय आतून. तो रंग लपवायला नव्हता दिला हो, म्हटलं आणखी गंजू नये."

"पत्रा बदलता येतो," ताई म्हणाल्या. "आता ओझं घालून चढावर नेऊ."

आणि इथेच खरी अडचण होती. कारण माझा एक दोष होता, आणि तो काकांनाही माहीत नव्हता. माझा दुसरा गिअर उतारावर आपोआप सटकायचा. फार वर्षं सटकत होता. पण काकांची बसायची सवयच अशी, की दुसऱ्यात टाकलं की त्यांचा डावा गुडघा गिअरच्या दांड्याला टेकायचा आणि दांडा जागेवर राहायचा. गुडघ्याने परस्पर केलेली दुरुस्ती. डोक्याला कधी कळवलीच नाही.

हौद्यात वाळूची पोती भरली. वर काकू आणि सासरे बसले. चालवायला ताई, शेजारी काका. गावाबाहेरच्या टेकडीचा रस्ता आम्ही चढलो. ताईंनी मध्येच मला थांबवलं, हॅन्डब्रेक लावला, क्लच सोडत पुन्हा उचलली. मी एक इंचही मागे सरकले नाही. टेम्परेचरचा काटा मधोमध. काका फुलून आले. वरून काकू ओरडल्या, "माझं वजन धरून बरं का, ताई!"

मग उतार लागला. ताईंनी दुसरा गिअर टाकला. मी जीव मुठीत धरला. अर्ध्यावर आलो आणि खटकन दांडा न्यूट्रलला आला. ओझं अंगावर, उतार समोर, मी सुटले. ताईंनी ब्रेक दाबला, दाबत नेला, आणि टेकडीच्या पायथ्याशी मला कडेला घेतलं. ब्रेक काकांनी चोख ठेवले होते म्हणून बरं.

सासरे हौद्यातून घाईघाईने उतरले. "सूनबाई, चल घरी. ही गाडी नको. शिवण कितीही चांगली असू दे!"

"हे कधीपासून होतंय?" ताईंनी विचारलं.

"कधीच नाही!" काका पांढरेफटक पडले होते. "आईशप्पथ, माझ्या हातून एकदाही असं झालं नाही."

ताईंनी त्यांना जागा दिली. "परत वर न्या. मी बघते."

काकांनी मला वर नेलं आणि वळवून पुन्हा दुसऱ्यात उतरवायला घेतलं. गिअर जागचा हलला नाही. नाइलाजाने पुन्हा हौद्यात चढलेले सासरे बुचकळ्यात पडले. ताई मात्र खाली वाकून बघत होत्या.

"काका, गुडघा काढा."

"कुठला गुडघा?"

"तो, दांड्याला लावलेला."

काकांनी गुडघ्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. त्यांनी तो बाजूला घेतला आणि दांडा खटकन उडाला. मग वरून काकूंचा आवाज आला, "तरीच! तरीच यांची एवढी वर्षं डाव्या गुडघ्याची तक्रार! डॉक्टर झाले, मलमं झाली, आणि रोग निघाला गाडीला!"

काकू हसायला लागल्या. काकाही. ताईंच्या ओठांचा कोपरा हलला. सासरे तेवढे हसले नाहीत.

पण ताईंची खरी परीक्षा अजून बाकी होती. त्यांनी मला पायथ्याशी उभी करून बंद केलं. ऊन चांगलं तापलं होतं, इंजिन चढ-उतार करून तापलेलं, बॉनेटखाली सगळी उष्णता कोंडलेली. त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. गेल्या वर्षी ती भाड्याची गाडी अशाच वेळी मेली होती, तापून बंद झाल्यावर. गिअरचं मेकॅनिकला सांगता येतं. पण ही वेळ आली तर कुणाला सांगणार?

काका आणि काकू शेजारी शेजारी उभे होते. काका काही पुटपुटत होते. मला वाटतं ते माझ्याशीच बोलत होते.

ताई उठल्या, आत बसल्या, किल्ली फिरवली. मी अर्ध्या फेरीत उठले.

त्यांनी बंद केलं, पुन्हा फिरवलं. उठले. आणखी एकदा. उठले. आता किती वेळा उठवता बाई, असं वाटेपर्यंत उठले.

"घेते," ताई म्हणाल्या.

काकांनी मान दुसरीकडे वळवली. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गिअरबॉक्स खोलून दुरुस्त केल्याशिवाय काकांनी मला सोडलं नाही. हौद्याचा कोपराही स्वतः उभं राहून बदलून घेतला. शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी मला पुसलं नाही. नुसता दारावर हात ठेवला आणि म्हणाले, "नीट जा." मला काका सोडायचे नव्हते. पण शेडखाली उशा वाळवत म्हातारं व्हायचंही नव्हतं. दोन्ही खरं आहे.

पहिल्या खेपेला आम्ही पहाटे निघालो. हौद्यात पेट्या, पेट्यांत गुणगुण, ताई चालवायला आणि शेजारी तोंड फुगवून सासरे. सासऱ्यांनी माझ्याशी अजून जुळवून घेतलं नव्हतं. चढ सुरू झाला आणि वळणावर रांग दिसली. पुढे विटांचा ट्रक आडवा पडला होता. रस्ता बंद.

ताईंनी मला बंद केलं; माझा धूर मागे पेट्यांवर जाऊन चालला नसता. रांग दोन हात सरकली की चालू, की पुन्हा बंद. ऊन पत्र्यावर आलं. पेट्यांतली गुणगुण वाढत गेली, चढी होत गेली. ताईंचा चेहरा पांढरा पडला. गेल्या वर्षीचं सगळं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. सासरे उतरले, पाण्याचा कॅन घेतला आणि हौद्यावर चढून पेट्यांवर पाणी शिंपडायला लागले. त्यांच्या टोपीवर एक सुटलेली माशी बसली होती, तिलाही त्यांनी हाकललं नाही.

रांग सरकली. किल्ली फिरली. मी उठले. पुन्हा बंद, पुन्हा तापलेली, पुन्हा किल्ली. दर वेळी सासऱ्यांचा कॅन हवेत थांबायचा आणि मी गुरगुरले की पाणी पुन्हा पडायला लागायचं. मी थकले नव्हते असं नाही. पण मागे एवढी बिऱ्हाडं घेऊन थकल्याचं सांगायचं कुणाला?

शेवटी रस्ता मोकळा झाला. त्या उरलेल्या वाटेवर मी तरुणपणीही धावले नसेन तशी धावले.

सूर्यफुलांच्या शेताच्या कडेला पेट्या उतरवल्या. ताईंनी एकेक दार उघडलं. माश्या बाहेर आल्या, घिरट्या घालून जागा ओळखायला लागल्या, फुलांकडे निघाल्या. शेवटच्या पेटीतून काहीच येईना. ताई गुडघ्यांवर बसून राहिल्या. सासरे मागे उभे. मग एक माशी दारात आली, उन्हाकडे बघून जराशी थबकली आणि उडाली. तिच्यामागे दुसरी. मग झुंबड. ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हसता हसता रडल्या.

शेताचे मालक बांधावर येऊन माझ्याकडे बघत होते. "एवढ्या जुन्या गाडीतून आणल्यात पेट्या? छातीच पाहिजे. कुणाची आहे?"

सासऱ्यांनी भिजलेली टोपी झटकली. "जुनी? अहो, थंड असताना बघितलीय, ओझं घालून बघितलीय, तापवून बघितलीय. खोट कुठे होती ते विचारा, तेही सांगतो." आणि मग, जणू याविषयी कधी दुमत नव्हतंच, अशा थाटात म्हणाले, "आमची आहे."

मी आता या शेताच्या कडेला, झाडाच्या सावलीत उभी आहे. फुलोरा संपला की पुढच्या शेतात. इंजिनावर पुन्हा धूळ बसलीय, मस्त वाटतं.

जाता जाता एवढंच सांगते. कधी कुणाच्या दारात माझ्यासारखी एखादी उभी दिसली, तर तिला हवं तेवढं पारखा. ठोकून बघा, कान लावा, झाकणं उघडा, चढावर न्या. आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. फक्त आकडा वाचून, न बघताच पुढे जाऊ नका.